पहिल्यांदा तुरुंगात जाताना : दाखल होण्यापासून सुटकेपर्यंत

न्यायालयाने कोठडी दिली किंवा शिक्षा सुनावली की माणसाला पहिला प्रश्न पडतो, तो म्हणजे आत आपले काय होणार. या प्रश्नाचे उत्तर देणारे त्या वेळी जवळ कोणी नसते. वकील खटल्याविषयी बोलतात, घरचे धीर देतात, आणि आतल्या आयुष्याविषयीची कल्पना मात्र चित्रपटांतून किंवा ऐकीव गोष्टींतून आलेली असते. मी काही वर्षे तुरुंगात कैद्यांना लिहावाचायला शिकवण्यासाठी आणि त्यांची पत्रे, अर्ज लिहून देण्यासाठी जात होतो. तिथे जे पाहिले आणि शिक्षा भोगलेल्यांनी जे सांगितले, त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे. पहिल्यांदा आत आलेल्या माणसाचे सर्वाधिक नुकसान त्याच्या घाईमुळे होते. घाईने जोडलेली मैत्री, घाईने घेतलेली उसनवारी, घाईने केलेली सही आणि घाईने सांगितलेली स्वतःची कहाणी या चार गोष्टी पुढे कितीतरी महिने निस्तराव्या लागतात. त्यामुळे या लेखातील बहुतेक सूचना पहिल्या पंधरा दिवसांविषयी आहेत.

प्रत्येक देशाचे कायदे आणि प्रत्येक तुरुंगाची शिस्त वेगळी असते, पण मूळ सांगाडा बराचसा सारखा असतो. कैद्यांना कसे वागवावे याचे किमान नियम संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने प्रथम 1955 मध्ये ठरवले आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर 2015 मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती स्वीकारली. सत्तावीस वर्षे बंदिवासात काढलेल्या नेल्सन मंडेला यांच्या सन्मानार्थ या 122 नियमांना ‘मंडेला नियम’ म्हणतात. ते कायद्यासारखे बंधनकारक नाहीत आणि अनेक ठिकाणी ते पाळलेही जात नाहीत. तरीही आपल्याला काय मागता येते हे ठाऊक असलेला माणूस नेमक्या शब्दांत अर्ज करू शकतो, आणि नेमक्या शब्दांतला अर्ज बाजूला सारणे अवघड जाते. म्हणून त्यांतील काही नियमांचा उल्लेख पुढे जागोजागी केला आहे.

आत जाण्याआधी

हजर होण्यासाठी ठरावीक तारीख मिळाली असेल, तर हाताशी असलेला प्रत्येक दिवस मोलाचा समजा. घरचा एक आणि वकिलांचा एक असे किमान दोन दूरध्वनी क्रमांक तोंडपाठ करा, कारण मोबाइल प्रवेशद्वारावरच जमा होतो आणि त्यातला एकही क्रमांक आपल्याला आठवत नाही हे बहुतेकांच्या तिथेच लक्षात येते. नेहमीची औषधे चालू असतील तर डॉक्टरांकडून आजाराचे नाव, औषधाचे मूळ नाव आणि मात्रा लिहिलेले सही-शिक्क्याचे पत्र घ्या. स्वतः नेलेल्या गोळ्या बहुधा आत नेऊ देत नाहीत, पण त्या पत्राच्या आधारे तुरुंगातील डॉक्टर उपचार पुढे चालू ठेवू शकतात. दुखरी दाढ असेल तर ती आधीच दाखवून घ्या, कारण आत दंतवैद्याची पाळी यायला वेळ लागतो आणि दाढदुखीची रात्र कोठडीत फार मोठी होते. बँक, घरभाडे, विमा, मुलांची शाळा असे व्यवहार पाहण्यासाठी विश्वासातल्या एका व्यक्तीला रीतसर मुखत्यारपत्र द्या. दागिने, घड्याळ आणि जास्तीची रोकड घरीच ठेवा.

लहान मुलांना “बाबा परदेशी गेले आहेत” किंवा “आई कामासाठी गेली आहे” असे सांगावे का, हे मला अनेकांनी विचारले. माझे मत स्पष्ट आहे : वयाला झेपेल इतके, पण खरे सांगावे. मुलाला ती बातमी शाळेत दुसऱ्या कुणाकडून कळली, तर घरच्यांच्या शब्दावरचा त्याचा विश्वास उडतो आणि तो परत मिळवायला वर्षे जातात.

अटक अचानक झाली असेल तर यातले काहीच जमत नाही. अशा वेळी दोनच गोष्टींचा आग्रह धरा : घरच्यांना कळवणे आणि वकिलांशी बोलणे. परक्या देशात अटक झाली असेल तर आपल्या देशाच्या वकिलातीला कळवावे अशी मागणी करता येते, कारण वाणिज्यदूतीय संबंधांविषयीच्या 1963 च्या व्हिएन्ना करारात तशी तरतूद आहे.

दाखल होण्याचा दिवस

हा दिवस बहुतांशी वाट पाहण्यात जातो. नाव, वय, गुन्ह्याचे कलम, छायाचित्र, बोटांचे ठसे अशी नोंद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत राहते आणि मधल्या वेळात तासन्‌तास बाकावर बसवून ठेवतात. त्यात कोणी मुद्दाम छळत असते असे नाही. एकाच वेळी अनेकजण दाखल होत असतात आणि कर्मचाऱ्यांना प्रत्येकाचे कागद न्यायालयाच्या आदेशाशी ताडून पाहावे लागतात. आपले नाव, जन्मतारीख आणि आदेशातील तारखा बरोबर लिहिल्या आहेत ना, हे तिथल्या तिथे विचारून घ्या. कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होणार असतील, तर एका चुकीच्या तारखेमुळे सुटकेचा दिवस पुढे ढकलला जाऊ शकतो.

झडती हा त्या दिवसातला सर्वांत अवघड भाग असतो. कपडे उतरवून झडती घेतली जाण्याची शक्यता गृहीत धरा. अशी झडती आडोशाला आणि आपल्याच लिंगाच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याने घ्यावी, असे मंडेला नियम सांगतात, आणि स्त्री कैद्यांच्या बाबतीत हा आग्रह आवर्जून धरावा. झडतीच्या वेळी शांत उभे राहावे, सांगतील तेवढेच करावे आणि वाद घालू नये. गैरवर्तन झाले असेल तर त्याची तक्रार नंतर लेखी करावी.

जमा केलेल्या वस्तूंची यादी करून त्यावर कैद्याची सही घेतली जाते. यादी वाचल्याशिवाय सही करू नका. ‘एक अंगठी’ एवढेच लिहिले असेल तर ती कोणत्या धातूची आहे ते लिहायला सांगा, आणि पैसे आकड्यांबरोबर अक्षरांतही लिहवून घ्या. वाचता येत नसेल तर “मला वाचून दाखवा” असे म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही. तुरुंगाचे नियम, कैद्याचे हक्क आणि तक्रारीची पद्धत यांची लेखी माहिती प्रवेशाच्या वेळी मिळावी, आणि निरक्षर व्यक्तीला ती तोंडी सांगावी, असेही हे नियम म्हणतात.

त्यानंतर वैद्यकीय तपासणी होते. तिथे काहीही लपवू नका. अंगावर मारहाणीच्या खुणा असतील तर त्या दाखवा आणि त्यांची नोंद झाली का ते विचारा. फिट्स, मधुमेह, रक्तदाब, दमा, गर्भारपण, मनात येणारे आत्महत्येचे विचार हे सारे त्याच टेबलावर सांगायचे असते. रोज दारू पिणाऱ्याने तर हे सांगायलाच हवे, कारण दारू एकदम बंद झाली की काही तासांत हात थरथरू लागतात, पुढच्या दोन-तीन दिवसांत झटके येणे किंवा भ्रम होणे शक्य असते आणि उपचार न मिळाल्यास ते जिवावर बेतू शकते. लाजेपायी ही गोष्ट दडवणारे अनेकजण असतात, आणि त्या लाजेची किंमत फार मोठी असते.

पहिली रात्र

पहिल्या रात्री झोप लागत नाही. दिवा पूर्ण मालवला जात नाही, कोणी तरी खोकत असते, कोणी झोपेत बोलते, लोखंडी दार दूरवर आपटते आणि किल्ल्यांचा जुडगा जवळ येऊन पुढे निघून जातो. प्रत्येक आवाजाला छातीत धस्स होते. तीन-चार रात्रींनंतर कान हे आवाज ओळखू लागतात. एका प्रौढ विद्यार्थ्याने मला सांगितले होते की, पहिल्या रात्री तो चपला पायात घालूनच अंथरुणावर बसून राहिला होता, जणू पहाटे कोणी तरी येऊन “चूक झाली, चला घरी” असे म्हणणार होते. पहाट झाली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या कैद्याने काही न बोलता त्याच्या चपला काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या, आणि मग तो रडला. रडू येत असेल तर येऊ द्या. बंदिवासाचे पहिले काही दिवस आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात, हे जगभरच्या तुरुंगांना ठाऊक आहे. मनात तसा विचार आला तर पहारेकऱ्याला, डॉक्टरांना किंवा शेजाऱ्याला त्याच रात्री सांगा, सकाळची वाट पाहू नका.

दिवसाचा क्रम

तुरुंगातील दिवस मोजणीभोवती फिरतो. सकाळी कुलूप उघडताना, संध्याकाळी बंदी होताना आणि मध्ये एकदोनदा कैद्यांची गिनती होते. आकडा जुळेपर्यंत सगळे जिथल्या तिथे थांबतात. मोजणीच्या वेळी ठरलेल्या जागी उभे राहणे हा सर्वांत साधा आणि सर्वांत काटेकोर नियम आहे. एकाच्या दिरंगाईने शेकडो जणांचा चहा लांबतो, आणि नवख्याची ही चूक लोक लक्षात ठेवतात.

मोजणीनंतर प्रातर्विधी, न्याहारी, मग काम किंवा मोकळा वेळ, दुपारचे जेवण, पुन्हा काम किंवा वर्ग, आणि सूर्य मावळण्याच्या सुमारास किंवा त्याआधीच रात्रीचे जेवण असा साधारण क्रम असतो. संध्याकाळी लवकर बंदी झाल्यावर सकाळपर्यंतचे बारा-तेरा तास कोठडीत काढावे लागू शकतात. रात्रीचे जेवण इतक्या लवकर होते की भूक पुन्हा लागते, म्हणून मिळालेल्यातले थोडे मागे ठेवता येते का ते पाहा. पाणी आणि शौचालय यांच्या रांगा गर्दीच्या तुरुंगात मोठ्या असतात. अर्धा तास आधी उठणाऱ्याची सकाळ बरीच सुसह्य होते. उघड्यावर काम नसलेल्या कैद्याला रोज किमान एक तास मोकळ्या हवेत व्यायाम मिळावा असा नियम आहे. तो तास कधीही वाया घालवू नका, पाऊस किंवा आळस आड येऊ देऊ नका, निदान फेऱ्या तरी माराच.

काम मिळत असेल तर घ्या. खटला सुरू असलेल्या, म्हणजे कच्च्या कैद्यावर कामाची सक्ती नसावी, पण त्याला कामाची संधी द्यावी, असा संकेत आहे. मोबदला अगदी थोडा असला तरी कामामुळे बराकीबाहेर जाता येते, दिवस सरतो आणि चांगल्या वर्तणुकीची नोंद होते. स्वयंपाकघर, शिवणकाम, बागकाम, ग्रंथालय यांपैकी निवडीला वाव असेल तर ग्रंथालय किंवा वर्ग मागावा असे मी सुचवीन, कारण तिथे गोंगाट कमी असतो आणि अर्ज लिहायला टेबल मिळते.

उसनवारी

या विषयावर मी मुद्दाम थांबतो, कारण आतल्या भांडणांची मुळे मी सर्वांत जास्त याच जमिनीत पाहिली. नवा माणूस आला की त्याच्याकडे साबण नसतो, दात घासायला काही नसते, घरून पैसे येऊन खात्यावर जमा व्हायला काही दिवस लागतात. अशा वेळी कोणी तरी हसतमुखाने अर्धी साबणाची वडी पुढे करतो, तंबाखू किंवा विडी देतो आणि म्हणतो, “घे रे, आपलाच समज.” बाहेर याला माणुसकी म्हणतात. आतही ती कधी खरी माणुसकी असते, पण पहिल्या आठवड्यात तुम्हाला त्यातला फरक ओळखता येणार नाही. देणाऱ्याने मनात हिशेब धरला असेल, तर पंधरा दिवसांनी त्या अर्ध्या वडीच्या दोन वड्या होतात, मग घरच्यांनी अमुक ठिकाणी पैसे द्यावेत असा निरोप येतो, आणि ते जमले नाही तर एखादी वस्तू लपवून ठेवण्याचे किंवा कुणाला तरी पोहोचवण्याचे काम गळ्यात पडते. ती वस्तू झडतीत सापडली की गुन्हा तुमच्या नावावर लागतो.

यावरचा उपाय सोपा आहे, पण पहिल्या दिवसापासून पाळावा लागतो. आवश्यक वस्तू कर्मचाऱ्यांकडे मागा, कारण अंग स्वच्छ ठेवण्यापुरते साहित्य देणे हे तुरुंगाचे काम आहे. ते मिळेपर्यंत उणिवेतच दिवस काढा. कोणी काही देऊ केले तर “सध्या चाललंय माझं, लागलं तर सांगेन” असे नम्रपणे म्हणा, कारण तुसडेपणाने नाकारलेली वस्तूही अपमान ठरते. काही घेतलेच असेल तर पहिली खरेदी होताच जेवढे घेतले तेवढे चारचौघांत परत करा आणि मगच स्वतःसाठी खर्च करा. जुगार आणि अमली पदार्थ यांच्या आसपासही बसू नका. तिथे नुसते बसणाऱ्याचेही नाव हिशेबात येते.

माणसे

पहिले पंधरा दिवस ऐकावे जास्त आणि बोलावे कमी. “कोणत्या केसमध्ये आलास?” हा प्रश्न हमखास येतो. “वकिलांनी बोलायला मनाई केली आहे” हे उत्तर खरेही आहे आणि पुरेसेही. खटला सुरू असताना सांगितलेला तपशील दुसऱ्याच्या साक्षीत उतरू शकतो. दुसऱ्याला त्याचा गुन्हा विचारू नये, दुसऱ्याच्या अंथरुणावर बसू नये, न विचारता कुणाच्या वस्तूला हात लावू नये आणि इकडचे तिकडे करू नये, हे अलिखित नियम जवळजवळ प्रत्येक बराकीत असतात.

कर्मचाऱ्यांशी सभ्यपणे, कामापुरते आणि शक्यतो चारचौघांसमोर बोला. एकट्याने वारंवार कुजबुजणाऱ्यावर खबऱ्याचा शिक्का बसतो. अनेक तुरुंगांत काही जुने कैदी इतरांवर हुकूमत गाजवतात. कोणत्याही कैद्याला शिस्त लावण्याचे अधिकार देऊ नयेत, असे मंडेला नियमांत स्पष्ट म्हटले आहे. तरीही अशा व्यक्तीशी उघड वैर धरण्यापेक्षा, त्याच्या मागण्यांची नोंद ठेवून ती वकिलांपर्यंत पोहोचवणे शहाणपणाचे ठरते.

भेट, पत्र आणि फोन

पहिल्या भेटीची दोन्ही बाजूंनी आतुरतेने वाट पाहिली जाते आणि बहुतेक वेळा ती रडण्यातच संपते. जाळीच्या किंवा काचेच्या पलीकडे आई उभी असते, शेजारी दहाजण एकाच वेळी मोठ्याने बोलत असतात, आणि काही मिनिटांत वेळ संपल्याची हाक येते. माझ्याकडे शिकणाऱ्या एकाने यावर स्वतःची युक्ती काढली होती. भेटीला जाताना कागद नेता येत नसे, म्हणून तो पाच बोटांवर पाच गोष्टी ठरवून जाई : अंगठा म्हणजे वकील, तर्जनी म्हणजे पैसे, मधले बोट म्हणजे औषध, अनामिका म्हणजे मुलीची शाळा, आणि करंगळी आईच्या गुडघ्यांसाठी. बोलता बोलता तो एकेक बोट मिटत असे. मूठ मिटली की उरलेला वेळ नुसते एकमेकांकडे पाहण्यासाठी. ही युक्ती मी नंतर कितीतरी जणांना सांगितली.

भेटीला येणाऱ्यांना नियम आधीच कळवा : कोणती ओळखपत्रे लागतात, नावनोंदणी कशी करायची, कोणत्या वस्तू चालतात. पत्रे बहुधा वाचली जातात आणि फोनवरचे बोलणे ऐकले जाऊ शकते, त्यामुळे खटल्याविषयी त्यांत काही लिहू-बोलू नका. वकिलांची भेट मात्र वेगळी आहे. ती कर्मचाऱ्यांच्या नजरेसमोर झाली तरी त्यांच्या कानावर पडता कामा नये, हा मान्य नियम आहे. वकील नेमण्याची ऐपत नसेल तर मोफत कायदेशीर मदतीसाठी पहिल्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या.

आजारपण, तक्रार आणि शिक्षा

गर्दी आणि कोंदट हवा यांमुळे तुरुंगात क्षयरोग बाहेरच्यापेक्षा अधिक आढळतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकीची तपासणी मागा. खरजेवर सोबतच्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावून कपडे-अंथरूण धुतल्याशिवाय ती जात नाही. बाहेरच्या समाजाला मिळतो त्याच दर्जाचा उपचार कैद्याला मिळायला हवा, हे तत्त्व आहे. प्रत्यक्षात पाठपुरावा करावा लागतो.

पाठपुराव्यासाठी एक वही ठेवा. कोणता अर्ज, कोणत्या तारखेला, कोणाच्या हाती दिला आणि काय उत्तर मिळाले, एवढ्या चारच गोष्टी तिच्यात लिहा. अर्जात एकच विषय असावा, भाषा साधी असावी, आरोप करताना दिवस, वेळ आणि जागा असावी, आणि नक्कल स्वतःकडे राहावी. कैद्याला रोज विनंती किंवा तक्रार करण्याची संधी मिळावी आणि तक्रार केल्याबद्दल त्याला त्रास होऊ नये, असे नियम सांगतात. तरीही सूडाची भीती वाटत असेल तर तक्रार वकिलांमार्फत न्यायालयात किंवा तुरुंगाच्या पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांकडे द्यावी.

शिस्तभंगाचा आरोप आला तर आरोप काय आहे ते समजून घेण्याचा आणि आपली बाजू मांडण्याचा हक्क तुम्हाला आहे. रिकाम्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. शिक्षा म्हणून अन्नपाणी कमी करणे, अंधारकोठडीत टाकणे किंवा एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना शिक्षा करणे निषिद्ध आहे. दिवसाचे 22 तास किंवा त्याहून अधिक काळ माणसांच्या सहवासाविना ठेवणे म्हणजे एकांतवास, आणि तो सलग 15 दिवसांपेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा मंडेला नियमांनी घातली आहे.

वेळ आणि मन

शिक्षेच्या एकूण वर्षांचा हिशेब रोज करू नका. आजपासून पुढच्या भेटीपर्यंतचे दिवस मोजा, किंवा पुढच्या तारखेपर्यंतचे. सकाळी अंथरूण घडी घालणे, ठरावीक वेळी अंघोळ करणे, दिवसातून चार ओळी लिहिणे अशा ज्या थोड्या गोष्टी अजून तुमच्या हातात आहेत, त्या दुसऱ्या कुणी सांगण्याआधी करा. दिवसा झोपण्याचा मोह सर्वांना होतो, पण दिवसा झोपलेल्याला रात्र खायला उठते. अक्षरओळख नसेल तर शिकायला हीच वेळ आहे. साठीच्या घरातल्या एका गृहस्थाने आयुष्यातले पहिले पत्र बायकोला लिहिले तेव्हा त्यात तीनच वाक्ये होती, आणि ते पाकीट चिकटवायला त्याने मला हात लावू दिला नाही.

सुटका

सुटकेची तयारी किमान दोन महिने आधी सुरू करा. वजा व्हायचे दिवस, मिळालेली सूट आणि दंड भरल्याची पावती यांचा मेळ कार्यालयाकडून लेखी घ्या. ओळखपत्रांची मुदत संपली असेल तर घरच्यांना आधीच कळवा. उपचार चालू असतील तर आजाराच्या कागदांची प्रत आणि काही दिवस पुरतील इतकी औषधे मागून घ्या. आत येण्यापूर्वी अफूजन्य किंवा तत्सम अमली पदार्थांची सवय असेल, तर एक गोष्ट घरच्यांनाही सांगून ठेवा : बंदिवासात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे पूर्वीची मात्रा बाहेर आल्यावर जीवघेणी ठरू शकते, आणि असे मृत्यू सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होतात.

त्या दिवशी दार उघडण्याची घाई दोन्हीकडे असते, कर्मचाऱ्यांनाही आणि तुम्हालाही. तरीही टेबलापाशी थांबा, दाखल होताना केलेली वस्तूंची यादी मागवा, एकेक वस्तू तिच्याशी ताडून पाहा, खात्यावरची शिल्लक मोजून घ्या, सुटकेच्या आदेशाची प्रत खिशात ठेवा, आणि मग सही करा.